भुकटीचा धंदा आणि पाण्याचा हिशोब

मार्च महिना लागला की आजरा आणि चंदगडच्या डोंगरउतारांवरील काजूबागांत लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडू लागतो. बी पिरगळून वेगळी केली जाते, उन्हात वाळते, पोत्यात भरते आणि आपल्या कारखान्यांत पुढे वर्षभर फोडली जाते. बोंडाचे नशीब वेगळे. त्याचे वजन बीच्या पाच ते दहापट असते, त्यातील ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याहूनही कितीतरी अधिक असते. पण झाडावरून पडले की दिवसभरात ते आंबू लागते. बरीचशी बोंडे झाडाखालीच कुजतात. घाट उतरून गोव्यात गेले तर याच बोंडांपासून फेणी बनते आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु तो मार्ग आपल्या वाचकांपैकी कोणी धरील असे वाटत नाही.

म्हणूनच काजूच्या व्यापारात असलेल्या घरांतील तरुण मंडळींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. बोंडाचा रस काढून, स्प्रे ड्रायर बसवून त्याची भुकटी केली तर? भुकटी महिनोन्‌महिने टिकते, वजनाला हलकी, वाहतुकीला सोयीची, आणि सरबतापासून आइस्क्रीमपर्यंत कुठेही वापरता येते. कल्पना चांगली आहे. मात्र कल्पना आणि कर्जाचा हप्ता यांच्यामध्ये जे अंतर असते ते मोजण्यातच माझी नोकरीची वर्षे गेली. त्यामुळे या यंत्राचे काम नेमके कसे चालते आणि त्यात पैसा कुठे जातो, याचा थोडा विस्ताराने विचार करावा म्हणतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. दुकानात ‘पावडर’ म्हणून जे जे विकले जाते ते सारे एका रीतीने बनत नाही. हळद आणि मिरची वाळवून दळतात. बाजारातील बहुतेक गूळ पावडर काहिलीतील घट्ट पाक घोटून, तो कोरडा होत असताना मोडून केलेली असते. दुधाची भुकटी पूर्वी तापलेल्या लोखंडी रुळांवर दुधाचा पातळ थर पसरून आणि तो पात्याने खरवडून काढत; तिला करपट वास येई आणि ती पाण्यात नीट विरघळत नसे. स्प्रे ड्रायिंग, म्हणजे फवारा पद्धतीने वाळवणे, हा याहून निराळा प्रकार. येथे द्रव पदार्थ एका उंच पोलादी कोठीत अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपाने उडवला जातो, त्याला गरम हवा भेटते आणि तुषार खाली पोहोचेपर्यंत त्याचा कण झालेला असतो. साऱ्या प्रकाराला काही सेकंद पुरतात.

एवढ्या थोड्या वेळात पाणी कसे उडते? याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. एक लिटर रस घनाकृती भांड्यात भरला तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ मिळून ६०० चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे एका जेवणाच्या ताटाएवढेच. तोच एक लिटर एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत फोडला तर सुमारे १९० कोटी थेंब होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर भरते. चौरस फुटांत सांगायचे तर जवळजवळ साडेसहाशे, म्हणजे दोन खोल्यांच्या सदनिकेएवढे. एका तांब्यातले पाणी एवढ्या फरशीवर पसरून वर तापलेला वारा सोडला, तर ते क्षणात सुकेल यात नवल नाही.

थेंब फोडण्याच्या दोन रीती मुख्य आहेत. एक, मोठ्या दाबाने बारीक तोटीतून द्रव ढकलणे. दुसरी, मिनिटाला दहा हजारांपासून पुढे वेगाने फिरणाऱ्या चाकावर तो सोडणे, म्हणजे चाकाच्या कडेवरून त्याचे धुके होते. कोठीत येणारी हवा साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअस तापलेली असते. ऐकताना वाटते, एवढ्या उष्णतेत दूध किंवा फळाचा रस जळून जाईल. परंतु थेंब ओला असेपर्यंत त्यातून उडणारे पाणी त्याला थंड ठेवते. माठातले पाणी उन्हाळ्यात गार राहते त्याच न्यायाने. थेंबाचे स्वतःचे तापमान बहुतांश काळ ४५ ते ५० अंशांच्या आसपास राहते. तो कोरडा होतो तोवर भोवतीची हवाही निवून ८०-९० अंशांवर आलेली असते. ही बाहेर पडणाऱ्या हवेची उष्णता कुशल कामगार सतत पाहत असतो. ती घसरली की भुकटी ओलसर राहिली, चढली की वास आणि रंग बिघडला. शेवटी हवेबरोबर निघालेली बारीक भुकटी भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या सायक्लोनमध्ये आणि कापडी गाळण्यांत पकडतात. जी पकडली गेली नाही ती चिमणीतून गेली, म्हणजेच नफ्यातून गेली.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत सॅम्युअल पर्सी यांनी १८७२ साली द्रवाचे तुषार करून वाळवण्याचे पेटंट घेतले. पुढे दुधाने तिला मोठे केले, आणि डेन्मार्कमध्ये योहान अर्न्स्ट न्यूरॉप यांनी १९३३ मध्ये ‘निरो’ कंपनी काढून फिरत्या चाकाचे यंत्र जगभर पोहोचवले. आपल्याकडे या यंत्राचा खरा प्रवेश गुजरातमधील आणंद येथे झाला, आणि तोही एका अडचणीतून. हिवाळ्यात खेडा जिल्ह्यात म्हशींचे दूध भरमसाट वाढे आणि मुंबईची सरकारी दूध योजना ते सारे उचलू शकत नसे. उरलेल्या दुधाची भुकटी करावी तर परदेशी तज्ज्ञांचे मत पडले की फवारा पद्धत गाईच्या दुधासाठी आहे, म्हशीच्या दुधाला ती चालणार नाही. वर्गीस कुरियन यांचे सहकारी हरिचंद मेघा दलाया यांनी ती चालते हे प्रयोगाने दाखवून दिले. ‘युनिसेफ’ने यंत्रसामग्रीला हातभार लावला आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा तो जगातील पहिला कारखाना मानला जातो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, ज्याला आपण ‘गोकुळ’ म्हणतो, आणि वारणानगरचा ‘वारणा’ या दोन्ही संघांच्या उत्पादनांत दूध भुकटी आहे. व्यापारी नजरेने पाहिले तर दूध संघाला भुकटी हा मुख्य धंदा कधीच नसतो. पिशवीतले दूध रोजच्या रोज खपले की संघ सुखी. सुगीत जे दूध उरते, त्याला दुसऱ्या दिवशी नासण्यापासून वाचवण्यासाठी ड्रायर असतो. तो तिजोरीपेक्षा सुरक्षा-झडपेसारखा अधिक आहे.

आणि झडपेवर फार भार पडला की काय होते, हेही आपण पाहिले. २०१८ मध्ये जगभर भुकटीचे भाव पडले. राज्यातील गोदामांत भुकटीची पोती साचली, संघांचे खेळते भांडवल त्यांत अडकले आणि दुधाचा खरेदीदर कोसळला. त्या जुलैत दूध आंदोलन पेटले, रस्त्यावर दूध ओतले गेले, आणि राज्य सरकारने भुकटीच्या निर्यातीवर किलोमागे ५० रुपये अनुदान जाहीर केले. शंभर लिटर गाईच्या दुधातून मलई काढल्यावर जेमतेम नऊ किलो भुकटी निघते हे लक्षात घेतले, की त्या अनुदानाचा अर्थ कळतो. पुढे एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद पडली, तेव्हाही रोज दहा लाख लिटरपर्यंत अतिरिक्त दूध विकत घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना सरकारलाच आखावी लागली. भुकटी टिकते खरी. टिकते म्हणूनच ती साठते, आणि साठलेल्या मालावर व्याज चढत राहते. व्यापाऱ्याच्या घरात हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता बोंडाकडे येऊ. दूध वाळते म्हणून रसही वाळेल असे गृहीत धरणाऱ्यांची पहिली निराशा येथे होते. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, कोरडी असताना सुमारे १०० अंशांपर्यंत काचेसारखी कडक राहते. फळांतील साखरा तशा नाहीत. द्राक्षशर्करा ३० अंशांच्या आसपासच मऊ आणि चिकट होऊ लागते. फळशर्करा तर त्याच्याही पुष्कळ खाली. काजूच्या बोंडात मुख्यत्वे याच दोन साखरा असतात. त्यामुळे नुसता रस फवारला तर कोठीच्या भिंतींवर चिक्कीच्या पाकासारखा थर बसतो आणि खाली भुकटीऐवजी निराशा पडते.

यावर उपाय आहे. रसात मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. ते स्वतः फारसे गोड नसते, उष्णतेत कडक राहते आणि साखरेच्या कणाला आधार देते. मात्र आधाराचे प्रमाण थोडे नसते. फळातील घन पदार्थाएवढेच माल्टोडेक्स्ट्रिन घालावे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे ‘काजूबोंड पावडर’ असे नाव असलेल्या पाकिटात निम्मा स्टार्चचा वंशज. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. तेव्हा पहिले नाव फळाचे येणार की माल्टोडेक्स्ट्रिनचे, हे यंत्र घेण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले बरे.

आपल्या घरांच्या दृष्टीने येथे दोन बारकावे आहेत. माल्टोडेक्स्ट्रिन मक्यापासून होते तसे बटाटा आणि टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, यांपासूनही होते. पुरवठादाराकडून मूळ पदार्थाचे लेखी प्रमाणपत्र मागावे. दुसरा मुद्दा अधिक गंभीर. बोंडाचा रस घशाला खवखवतो, कारण त्यात टॅनिन असते. ते खाली बसवण्यासाठी जिलेटिन वापरण्याची पद्धत जुनी आहे, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. गाळून निघाल्यावर अंतिम मालात ते दिसत नाही, म्हणून काही जण त्याचा उल्लेखही करत नाहीत. केरळमध्ये यासाठी शिजवलेला साबुदाणा किंवा भाताची पेज वापरण्याची पद्धत रूढ आहे. साबुदाणा कंदाचा असल्याने ज्यांना तोही नको, त्यांना पेज मोकळी आहे. आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या मुलखात पेजेची उणीव पडू नये. आपल्या हातून बनणारा माल आपल्याच चौक्यात चालावा एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि तसे लेबल लावता आले तर त्याला गिऱ्हाईकही आहे.

आता खरा हिशोब मांडू. समजा १०० किलो रस आहे आणि त्यात १२ किलो घन पदार्थ आहेत. उरलेले ८८ किलो पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला किमान ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. प्रत्यक्ष ड्रायरमध्ये बरीच उष्णता बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जाते, म्हणून सुमारे हजार धरावी. म्हणजे १०० किलो रसासाठी ८८ हजार किलोकॅलरी. भट्टीतील घट धरून लाकडाच्या भाषेत सांगायचे तर ३० किलोंहून अधिक लाकूड जाळावे लागेल. हाती येणार २५ किलोंच्या आसपास भुकटी, त्यातही १२ किलो विकत घेतलेले माल्टोडेक्स्ट्रिन. आपल्याकडे काजूची टरफले जळणासाठी असतात हा एक लाभ आहे. परंतु त्यांचा धूर तिखट आणि गंजवणारा असतो. तो रसाला लागता कामा नये. टरफलांवर वाफ करून त्या वाफेने हवा तापवणे हाच मार्ग, आणि त्यासाठी बॉयलरचा वेगळा खर्च.

शहाणे कारखानदार म्हणूनच सगळे पाणी ड्रायरमध्ये उडवत नाहीत. निर्वात बाष्पक नावाच्या यंत्रात कमी उष्णतेवर रस आधी आटवतात. त्यात एकदा निर्माण केलेली वाफ पुढच्या टप्प्यात पुन्हा वापरता येते, त्यामुळे तीन टप्प्यांच्या बाष्पकात एक किलो वाफ दोन-अडीच किलो पाणी उडवते. रस ४० टक्के घन पदार्थांपर्यंत आटवला तर १०० किलोंचा ३० किलो होतो आणि ड्रायरच्या वाट्याला केवळ १८ किलो पाणी उरते. दुधाचे कारखाने नेमके हेच करतात. परंतु मग एकाऐवजी दोन यंत्रे झाली, आणि दोन्हींना पुरेल एवढा रस रोज हवा. ताशी १०० किलो पाणी उडवणारा ड्रायर हा लहान समजला जातो. आटवलेला रस देऊन तो वीस तास चालवायचा तर दिवसाला सुमारे ११ टन ताजा रस लागेल, म्हणजे १६-१७ टन बोंडे. ती डोंगरातून वेचून, न ठेचता, आंबण्यापूर्वी कारखान्यात आणायची. ज्यांनी काजूच्या हंगामात मजूर मिळवण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

प्रकल्प अहवाल हाती आला की मी नफ्याचा तक्ता सर्वांत शेवटी पाहत असे. आधी पाहायचे ते एवढेच, की यंत्र वर्षातून किती दिवस चालणार. बोंडाचा भर हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. उरलेले साडेनऊ महिने ड्रायर उभा, घसारा चालू, व्याज चालू, आणि हप्ता बाराही महिन्यांचा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० पासून केंद्र सरकारची जी योजना आहे, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ते अवश्य घ्यावे. पण अनुदानामुळे यंत्राची किंमत कमी होते, हंगाम लांबत नाही. अनुदान वजा केल्यावरही जो प्रकल्प उभा राहतो तोच खरा, असे माझे मत आहे आणि ते मी सेवेत असतानाही बोलून दाखवत असे.

ड्रायर घेणाऱ्यांनी ड्रायर न घेणाऱ्याची कथाही ऐकावी. ‘सर्फ’ १९५९ साली आपल्याकडे आला. तसला धुलाईचा चुरा उंच मनोऱ्यात, याच फवारा पद्धतीने बनवतात. म्हणून त्याचे कण हलके आणि पोकळ असतात. १९६९ च्या सुमारास अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी ‘निरमा’ सुरू केला तो मनोरा न बांधता. घटक कोरडेच एकत्र करायचे, हातांनी मिसळायचे, पिशवीत भरायचे. इंधन नाही, मोठे भांडवल नाही, आणि विजेच्या वापराविना होणाऱ्या लघुउद्योगाला मिळणारी करसवलतही पदरात. चुरा दिसायला तितका सुबक नव्हता, पण स्वस्त होता आणि कपडे स्वच्छ करत होता. बाजाराने तो उचलला, इतका की ऐंशीच्या दशकात मोठ्या कंपनीला ‘व्हील’ घेऊन त्याच्या अंगणात उतरावे लागले. जे पाणी मुळात घातलेच नाही, ते उडवण्याचा खर्चही आला नाही.

मग बोंडाचे करायचे काय? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे भुकटी ही पहिली पायरी असू नये. रस गाळून, आटवून, घट्ट स्वरूपात विकणे हा धंदा बाष्पकावर थांबतो आणि निम्मे भांडवल वाचते. सरबताला ताकद तेवढीच येते. भुकटीच हवी असेल तर ड्रायर एकट्याने न घेता चार-पाच घरांनी मिळून घ्यावा आणि त्याचे वर्ष भरावे. मार्च ते मे बोंड, एप्रिल-मेमध्ये घाटाखालचे कोकम, जूनच्या तोंडावर जांभूळ, हिवाळ्यात आवळा, आणि मधल्या काळात दुसऱ्यांचा माल मजुरीवर. कोकम आणि आवळ्याला कोल्हापुरातच काय, पुण्यापर्यंत गिऱ्हाईक आहे. अर्थात एका फळाचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येक वेळी कोठी धुणे आले, आणि कोरडी भुकटी हवेत तरंगत असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो हेही विसरू नये. विमा काढताना त्या कलमावर बोट ठेवून वाचावे.

त्याआधी एक स्वस्त परीक्षा आहे. अनेक ड्रायर-मालक मजुरीवर दुसऱ्यांचा माल वाळवून देतात. या हंगामात दोन-चारशे लिटर रस काढावा, पेजेने निवळावा, आटवावा, थंड ठेवून तिकडे न्यावा आणि त्याची भुकटी करून आणावी. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत थोडी, ॲल्युमिनियमच्या थराच्या पाकिटात थोडी, अशी भरून आजऱ्यातल्याच एखाद्या गोदामात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठेवावी. आपल्या पावसाळ्यात किलोभर हवेत १८-२० ग्रॅम पाण्याची वाफ असते, आणि फळाची भुकटी ती दोन्ही हातांनी ओढून घेते. गौरी-गणपती झाल्यावर पाकिटे फोडावीत. भुकटी मोकळी निघाली तर पुढच्या खरेदीदाराकडे नमुना घेऊन जाता येईल. तिचा खडा झालेला निघाला, तर तो खडा प्रकल्प अहवालाच्या वर ठेवावा आणि मग बँकेची पायरी चढावी की नाही ते ठरवावे.